दाराच्या फळीची गिटार

पाराचो गावात दर दुसऱ्या घरातून रंध्याचा आवाज येतो, आणि गल्लीतल्या वाऱ्यात धुळीपेक्षा लाकडाचा भुसाच जास्त उडतो. त्या गावात एका घरी तिघं जणं राहत होती. एक एलिसेओ, गिटारी करणारा. दुसरी त्याची बायको आम्पारो, त्या गिटारींना लाखेचं पॉलिश करणारी. आणि तिसरी एलिसेओची आई, त्रिनी म्हातारी. ती स्वतः काही करत नव्हती, पण तिच्यावाचून घरातलं पानही हलत नव्हतं. घरात मूलबाळ नव्हतं, पण भांडणही नव्हतं.

अंगणाच्या एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला एलिसेओची कामाची खोली, आणि मागे नाशपातीच्या झाडाखाली म्हातारीचं घर. ते तिच्या सासऱ्याने बांधलेलं, जुन्या पाईनच्या जाडजूड फळ्यांचं. एकच दार, खिडकी नाही. विटांच्या खोलीत राहायला ये म्हणून एलिसेओने किती विनवण्या केल्या, पण म्हातारी ऐकेल तर ना. "विटा मुक्या असतात रे," म्हणायची. "लाकूड कुरकुरतं, तेवढीच सोबत."

म्हातारीची एक रीत होती. चुलीपाशी आतोले प्यायला यायची, मक्याची दाट गोड पेज, तरी आधी चौकटीवर बोटाच्या पेरांनी वाजवायची. टक टक. मग थोडं थांबून, टक. आणि आतून "या आई, पुढे या" म्हटल्याशिवाय उंबऱ्यावर पाय ठेवायची नाही.

"अहो, तुमचंच घर ना हे?" आम्पारो म्हणायची.

"असलं म्हणून काय झालं? आत कोण कसं बसलंय, मला बाहेरून काय ठाऊक? बोलावल्याशिवाय आत जाणं म्हणजे चोर नाहीतर जावई."

एलिसेओला वेगळीच खोड होती. गावातले बाकीचे बापाने केली तशी गिटार करत. याचे हात स्वस्थ बसत नसत. कधी गिटारीला दोन तोंडं पाडायचा, कधी खवल्या मांजरासारख्या आर्माडिलोच्या कवचाची पाठ लावायचा. एकदा तर वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची दुसरी रांग बसवली. त्यांना कोणी हात लावायचा नाही, वरच्या तारा वाजल्या की त्या आपल्याआपण गुणगुणायच्या. चौकात बसलेली टाळकी विचारायची, "काय रे एलिसेओ, यंदा बकरीला तारा लावणार म्हणे?"

"लावल्या असत्या," एलिसेओ म्हणायचा, "पण ती तुमच्यापेक्षा बेसूर ओरडते."

लोक हसायचे. त्यांना ती लहर वाटायची. खरं काय ते फक्त आम्पारोला माहीत होतं. एलिसेओचे कान जात होते. आधी चिमण्या गेल्या, मग पाऊस, मग आम्पारोचा आवाज. त्याला ऐकू येईल एवढी मोठी गिटार त्याला हवी होती, आणि सगळा खटाटोप त्यासाठी होता. लोकांच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. गिटार करणारा बहिरा झाला हे गावात कळलं असतं, तर त्याच्या दारात कोण उभं राहिलं असतं?

आता, गिटारीचं लाकूड निवडायचं तर कारागीर फळी कानाशी धरतो, पेरांनी टकटक करतो आणि लाकूड काय म्हणतं ते ऐकतो. एलिसेओने वेगळीच युक्ती काढली. तो फळीची कड दातांत धरायचा, डोळे मिटायचा आणि मग टकटक करायचा. लाकडाचा आवाज दातांतून हाडांत उतरायचा. अशी फळी तोंडात धरून बसलेला एलिसेओ बाहेरून पाहणाऱ्याला मुळं चावणाऱ्या घुशीसारखा दिसायचा. पण त्याचं लाकूड कधी चुकलं नाही.

त्या वर्षी पावसाने मुक्काम ठोकला होता. एका सकाळी आम्पारो तारा आणि सरस आणायला उरुआपानला निघाली. म्हातारीला सर्दी झाली होती. आम्पारोने तिला चादर पांघरली आणि सवयीने म्हणाली, "दुपारी एलिसेओ पेज आणून देईल. काही लागलं तर वाजवा."

"वाजवीन हो," म्हातारी म्हणाली. "येताना गोड पाव आण. मऊ आण. मागच्या वेळी आणलास तो भिंतीत बसवायच्या लायकीचा होता."

आम्पारो हसत हसत बसमध्ये चढली.

संध्याकाळी परत आली तेव्हा डोंगरावरून धुकं अंगणात उतरलं होतं. कामाच्या खोलीत दिवा होता. एलिसेओ फळी दातांत धरून, डोळे मिटून बसला होता. शेजारी म्हातारीच्या पेजेचा वाडगा तसाच, वर साय धरलेली. आम्पारोने हातातलं सामान ठेवलं आणि गोड पाव घेऊन मागे गेली.

दार उघडेना. पावसाने फळ्या फुगल्या होत्या आणि दार चौकटीत घट्ट बसलं होतं. फटीतून वास येत होता, ओल्या कोळशाचा. तिने खांदा लावला, पुन्हा लावला, मग सगळ्या अंगानिशी धडक दिली तेव्हा दार आत ढकललं गेलं.

म्हातारीने थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवली होती. कोंडलेल्या धुरात ती स्वतः दाराशीच पडली होती, गार झालेली.

आम्पारोने गावात सगळ्यांना सांगितलं, "झोपेतच गेल्या." एलिसेओलाही तेच सांगितलं, ओठ सावकाश हलवून. त्याने मान हलवली. पण शवपेटीत ठेवण्याआधी आईचे हात छातीवर जुळवले ते त्याने. तिच्या उजव्या हाताची पेरं सोललेली होती. त्याने ती पाहिली, आम्पारोकडे पाहिलं, आणि आईच्या हातांवर शालीचं टोक ओढलं. ती वाजवत होती तेव्हा तो अंगणापलीकडेच बसला होता, सबंध दिवस. त्यावर दोघं कधी एक अक्षर बोलली नाहीत.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि एलिसेओने ते दार बिजागऱ्यांतून उतरवलं. आम्पारोला वाटलं, जाळणार. मनात म्हणाली, बरं होईल. पण दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेली, तर दाराच्या फळ्या सुट्या करून ओळीने ठेवल्या होत्या आणि मधली फळी एलिसेओच्या दातांत होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ही बोलते गं," तो म्हणाला. "अशी फळी मी जन्मात चावली नाही. रेषा बघ, केसासारख्या बारीक..."

"एलिसेओ, ते दार आहे."

"माहीत आहे मला."

"ते आईंचं दार आहे."

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले.

त्या फळीला त्याने रंधा मारला, तासून कागदासारखी पातळ केली आणि गिटारीच्या पुढच्या अंगाला बसवली. पाठ आणि कुशी नव्या पांढऱ्या सरूच्या लाकडाच्या. दाराचा एक खिळा जिथे होता तिथे काळा ठिपका राहिला, तेवढाच. आम्पारोने तिला पॉलिश करायचं नाकारलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. पण त्यानेही हट्ट धरला नाही. तारा चढवल्या, पहिली तार छेडली, आणि एकदम ताठ बसला.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "आम्पारो... मला ऐकू आलं!"

तिने हातातला चमचा दगडावर आपटला. "हे?"

नाही. ते नाही. तिचा आवाज नाही, कोंबडा नाही. फक्त ती गिटार. तरी आम्पारोला आनंद झाला, का होऊ नये? माणूस इतक्या दिवसांनी हसला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला आम्पारो चुलीपाशी मक्याचं पीठ मळत होती. कामाच्या खोलीतून आवाज आला. टक टक. आणि थोड्या वेळाने, टक.

एलिसेओ फळी तपासत असेल, असं तिला वाटलं. मान वर केली तर एलिसेओ समोर अंगणात, पिंपापाशी हात धूत होता.

पुन्हा तेच. टक टक... टक.

एलिसेओचे हात पाण्यातच थांबले. त्याने सावकाश मान वळवली. ज्या माणसाला डोक्यावर वीज पडली तरी कळलं नसतं, तो कामाच्या खोलीकडे बघत होता.

"दार वाजतंय," तो म्हणाला.

"तिथे दार कुठंय?" आम्पारो म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"आई आहे."

त्या दिवसापासून एलिसेओने दुसरं काही केलं नाही. ती गिटार आणि तो. आवाज पुढच्या फळीतून यायचा म्हणून त्याने गिटारीचं तोंड मोठं केलं. दुसऱ्या दिवशी आवाज कुशीत गेला. कुशीला एक भोक पाडलं, तर आवाज मानेच्या मुळाशी. तारा उतरवल्या, पुन्हा चढवल्या. खाली बारीक तारांची रांग बसवली, म्हणजे आईला हाक मारायला बळ येईल. त्या तारा रोज दिवेलागणीला, कोणी हात न लावता, थरथरत राहायच्या. भोक कुठेही पाडा, टकटक दुसरीकडे सरकायची. अंधाऱ्या खोलीत कोणी भिंत चाचपत दार शोधावं, तशी.

आम्पारो समोर उभी राहून बोलायची आणि तो बघायचाच नाही. न बघणाऱ्या बहिऱ्याला हाक तरी कशी मारायची? खांद्याला हात लावला तर माशी बसल्यासारखा झटकायचा. ताट नेलं तसं परत यायचं. गालांची हाडं वर आली. गिटारीची कड सारखी दातांत धरून त्याच्या ओठाला चरा पडला होता, आणि कडेवर वाळलेल्या रक्ताचा डाग होता. आई दाराआड गेली, आता तिच्यामागे हाही त्याच दाराने चालला आहे, हे आम्पारोला लख्ख दिसत होतं. आणि करता येण्यासारखं काही नव्हतं.

करून पाहिलं नाही असं नाही. एका भरदुपारी तो बसल्या जागी पेंगला, तेव्हा तिने गिटार उचलली आणि चुलीपाशी आणली. जाळ मोठा होता. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती आगीसमोर उभी राहिली, आणि आतून, तिच्या बरगडीला अगदी लागून, हळूच वाजलं. जोरात नाही. सर्दी झालेली म्हातारी वाजवेल तसं. टक टक... टक. तिने गिटार होती तिथे नेऊन ठेवली.

मग चर्चमध्ये नेली, मेरीच्या पायाशी ठेवली आणि मागे न बघता निघून आली. दिवस मावळायच्या आत चर्च झाडणारा म्हातारा ती घेऊन दारात हजर. "बाई, तुमची गिटार राहिली." आणि जाताना मान खाजवत म्हणाला, "एक सांगू का? आज चर्चमध्ये मी तीनदा दार उघडायला गेलो."

शेवटी ती शेजारणीकडे गेली. चोले नाव तिचं, तोंडाने फाटकी, मनाने मोकळी. आत्म्यांचा दिवस, गेलेली माणसं घरी येतात तो, जवळ आला होता आणि चोले अंगणात झेंडूच्या ढिगात बसली होती. आम्पारोने सगळं सांगितलं. चोले थट्टेवारी नेईल असं वाटलं होतं, पण तिचे हात फुलं तोडायचे थांबले.

"अगं बये," चोले म्हणाली, "आणि परवा तुझी सासू येणार कुठून, याचा काही विचार केलास? मेल्यानंतरची पहिली खेप आहे तिची. माणूस ज्या दाराने गेलं त्याच दाराने येतं. माझा सासरा मेला तो परसाकडच्या दाराने नेला, तर दरवर्षी झेंडूची वाट तिथूनच घालावी लागते मला, डुकरांच्या खोपटावरून. आणि तुझ्या नवऱ्याने तर दारच वाजवायला घेतलंय!"

"मग मी करू काय?"

"दार परत लाव."

"मधली फळी गिटारीत आहे, चोले."

चोलेने हातातलं फूल ढिगात टाकलं. मग म्हणाली, "तर गिटार लाव दाराला. दुसरं काय सांगू तुला?"

आम्पारो घरी आली. या खेपेला एलिसेओशी बोलायच्या फंदात पडली नाही. उरलेल्या फळ्या एकेक करून अंगणातून ओढत मागे नेऊ लागली. तिसऱ्या फळीला पलीकडून कोणीतरी टोक उचललं. एलिसेओ होता. तिने मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं, मग गिटारीकडे. त्याला कळलं. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पण ती बाहेर येणार कुठून?" तो म्हणाला. "भोकं पाडून थकलो. आई भोकातून यायची नाही... ती दारातूनच येईल."

आणि मग त्याने ते केलं, जे पाराचोत कोणी केलं नव्हतं. गिटारीच्या पाठीत त्याने दार बसवलं. पाठीचा तळहाताएवढा चौकोन कापला, त्या जागी नव्या सरूच्या लाकडाचं छोटंसं दार, जुन्या दाराच्या बिजागरीच्या पत्र्यातून कापलेल्या दोन चिमुकल्या बिजागऱ्या, आणि बाहेरून एक कडी. सगळं त्याने आम्पारोच्या देखत केलं. काचेच्या तुकड्याने ते दार दोन्ही अंगांनी इतकं गुळगुळीत खरवडलं की बोट घसरावं. कडी लावली, आणि आतून लगेच वाजलं. या खेपेला आवाज सरकला नाही. दारावरच थांबला.

आत्म्यांच्या दिवशी दुपार कलली तशी गावातली माणसं फुलं, मेणबत्त्या, टोपल्या घेऊन कबरस्तानाकडे निघाली. चर्चची घंटा सुरू झाली. त्या दिवशी ती थांबत नाही, वाट चुकलेल्या आत्म्याला घर सापडावं म्हणून. ही दोघं घरीच राहिली. म्हातारीचं दार चौकटीत उभं होतं आणि मधल्या फळीच्या जागी, दोरीने आवळून बांधलेली, गिटार. तिची पाठ अंगणाकडे. आम्पारोने गल्लीपासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. दाराशी आतोलेचा वाडगा ठेवला, वर झाकण, आणि मऊ गोड पाव. धूप पेटवला.

उजेड हळूहळू गेला. धुकं उतरलं. घंटा वाजत होती, पण एलिसेओला ती ऐकू येत नव्हती. तो गुडघ्यांवर बसला होता, कडीपाशी तोंड नेऊन.

टक टक...

आम्पारोने स्वतःचे हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

...टक.

"या आई," एलिसेओ म्हणाला. लहान मुलासारखा आवाज. "पुढे या..." आणि त्याने कडी काढली.

दार उघडलं. आत काळोख, दुसरं काही नाही. मग वास आला, ओल्या कोळशाचा, इतका दाट की मेणबत्त्या मिणमिणल्या. आम्पारोने शालीचं टोक नाकाला लावलं. गिटारीच्या सगळ्या तारा, वरच्या आणि खालच्या, एकदम हलल्या आणि आवाज न करता थांबल्या. आणि तिच्या पायांपाशी, जिथे वाऱ्याची झुळूक नव्हती, तिथे पाकळ्या सरकल्या. घरात गेल्या नाहीत. गल्लीकडेही गेल्या नाहीत. कोणी अनवाणी, पाय ओढत चालावं तशा, अंगण ओलांडून, कामाच्या खोलीकडे.

"एलिसेओ..." ती कुजबुजली.

"काय?" तो म्हणाला.

तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची पाठ होती तिच्याकडे. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"घंटा," एलिसेओ म्हणाला. "आम्पारो, घंटा वाजतेय. ती... ती किती वाईट वाजते गं! कोण बडवतंय ती?" आणि तो हसायला लागला, रडायला लागला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाला, "बोल. काहीतरी बोल. शिव्या दे."

तिने दिल्या. पोटभर दिल्या. दोघं त्या पाकळ्यांत बसून घंटा ऐकत राहिली.

पहाटे आम्पारो वाडगा उचलायला गेली. पेज तशीच होती, झाकणसुद्धा हललं नव्हतं. गिटारीचं छोटं दार उघडं होतं. तिने ते बंद करायला हात घातला आणि बोटं आतल्या अंगाला लागली. त्या नव्या, गुळगुळीत लाकडात खळगा होता. अंगठा बसेल एवढा. कडा झिजलेल्या, तुळतुळीत, देवळाच्या पायरीला पडतो तसा. वर्षानुवर्षं कोणीतरी त्याच जागी वाजवत राहिल्यासारखा. आणि ते दार कालच्या आदल्या दिवशी बसवलेलं.

तिने एलिसेओला दाखवलं नाही. तो अंगणात उभा राहून चिमण्या ऐकत होता.

मग त्या घराचे दिवस पालटले. एलिसेओ पुन्हा कामाला बसला, आता फळी कानाशी धरून. त्याने खोलीत आधीपासून टांगलेल्या अर्ध्या गिटारी पुऱ्या केल्या, नव्या केल्या, आणि त्यांना असा आवाज आला की थेट मोरेलिया शहरापासून गाणारे लोक विचारत विचारत दारात येऊ लागले. चौकातली टाळकी म्हणायची, "काय रे, बकरीचं काय झालं?" आणि तो लांबूनच उत्तर द्यायचा. घराला कौलं नवी आली. म्हातारीच्या घराला दार आलं, लोखंडी, न फुगणारं. एलिसेओच्या अंगावर मांस चढलं. तो रात्री पाऊस ऐकत झोपायचा आणि सकाळी आम्पारोला तिच्याच घोरण्याची नक्कल करून दाखवायचा. त्याला सगळं ऐकू यायचं. मुंगी चालली तर ऐकू येईल म्हणायचा.

एवढंच ऐकू यायचं नाही.

आम्पारोला पहिल्यांदा कळलं ते पॉलिश करताना. मांडीवरच्या नव्या गिटारीच्या तोंडातून तिने फडक्यासकट दोन बोटं आत घातली, भुसा काढायला. पाठीच्या आतल्या अंगाला बोटं थांबली. खळगा. तिने टांगलेल्या सगळ्या गिटारी एकेक करून उतरवल्या. प्रत्येकीत होता, त्याच जागी. तिथे लाकूड कागदासारखं पातळ झालं होतं. आवाजाला ती जादू आली होती ती त्यानेच.

आणि दिवेलागणीला ती खोली वाजायची. आधी एक, मग दुसरी, मग भिंतीवरच्या सगळ्या. टक टक... टक. एलिसेओ त्यांच्या मधोमध बसून शीळ घालत रंधा मारत असायचा. नवी फळी उचलायचा, पेरांनी एकदा वाजवायचा, कान लावायचा. फळी उत्तर द्यायची. बाकावरचा भुसा त्या उत्तराने उडताना आम्पारोला दिसायचा. "छान आहे," एलिसेओ म्हणायचा, आणि फळी बाजूला ठेवायचा.

सांगावं असं तिला कितीदा वाटलं. पण काय सांगायचं? तुझी आई तुला हाक मारतेय आणि तुला तेवढंच ऐकू येत नाही, हे? मग तो पुन्हा दातांत लाकूड धरून बसला असता. तिने एकदा विचारलं, "या गिटारींनाही मागे छोटं दार ठेवलंस तर?"

"वेडी आहेस का?" तो हसला. "दाराची गिटार कोण घेणार?"

ती पहिली गिटार कुठे गेली म्हणाल, तर ती खुंटीवरच आहे, छोटं दार सताड उघडं. ती कधी वाजत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्वादालाहाराचा एक गवई दुसरी गिटार न्यायला आला. अंगठ्या घातलेला, बोलका माणूस. आम्पारोने त्याच्यापुढे पेजेचा पेला ठेवला.

"तुमच्या गिटारीत एक गंमत आहे," तो म्हणाला. "संध्याकाळ झाली की वाटतं, दारावर कोणी आलंय. म्हातारं माणूस वाजवतं तसं. मी रोज उठतो, दार उघडतो."

"मग?" आम्पारोने विचारलं.

"मग काय, कोणी नसतं. लावून घेतो."

एलिसेओ पोट धरून हसला. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. गवयाने नवी गिटार पेटीत ठेवली, दोन्ही कड्या घातल्या आणि तो बसकडे निघाला. आम्पारो त्याच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, पेटीला हात लावून, घरच्या माणसाला पोचवायला जावं तशी. घरी परतली तेव्हा चूल पेटलेली होती, डब्यात मक्याचं पीठ शिगोशीग होतं, आणि नवरा अंगणातून तिला नावाने हाक मारत होता. "ओ!" तिने उत्तर दिलं, आणि ते त्याला ऐकू गेलं. एवढ्यात दिवेलागण झाली, आणि कामाच्या खोलीतून पहिली टकटक आली.